आधी पाणी, मग शीळ

७ फेब्रुवारी २०१६, रविवार

डायरी लिहायची ही माझी कितवी खेप, देव जाणे. आजवरच्या सगळ्या संक्रांतीपर्यंत टिकल्या. म्हणून यंदा संक्रांत उलटल्यावरच सुरू करतेय.

आमचा अल्बम होणार! आमचा म्हणजे 'पत्रा पार्टी'चा. पार्टीत माणसं तीन. एक मी, वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला, दिवसभर बेअरिंगा तपासते. दुसरा शिवशंकर, माझ्याच लाईनवरचा, त्याच्याकडं लॅपटॉप आणि माईक आहे आणि दोन्हींचा त्याला लई माज आहे. तिसरा बुद्धभूषण, वेल्डर. आम्ही गाणी म्हणत नाही. पत्रे बडवतो, साखळ्या ओढतो, ग्राइंडर फिरवतो, कंपनीतल्या प्रेसचा ठोका फोनवर भरून आणतो, आणि या सगळ्याचं मिळून जे होतं त्याला आम्ही संगीत म्हणतो. माय म्हणते, "याच्यापरीस कल्हईवाला बरा. आवाज करतो, पर भांडं तरी उजळून देतो."

स्टुडिओचं भाडं विचारून आम्ही मागंच गप्प बसलो होतो. आज बुद्धभूषणनं हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रोडला, त्याच्या वडलांच्या शेडवर बोलावलं. कचरूकाका आधी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. या दुष्काळात गेट कोण करतंय? आता नुसत्या पाण्याच्या टँकरच्या टाक्या. एक नवी टाकी अंगणात ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली. बुद्धभूषण म्हणाला, "वरच्या तोंडातून आत उतर अन् काहीबी बोल." मी उतरले आणि नुसतं "अगं बाई" म्हणाले. ते 'अगं बाई' या टोकाला गेलं, त्या टोकाला गेलं, माझ्या डोक्यावरून फिरलं आणि मग कुठं निवलं. शिवशंकर बाहेरून ओरडला, "हाच स्टुडिओ!"

कचरूकाका स्वतः जयंतीला गायन पार्टीत गातात, त्यामुळं त्यांना फार समजवावं लागलं नाही. एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक एप्रिलात नेणार. त्याच्या आधी गळती बघायला पाणी भरावं लागतं. एकदा पाणी भरलं की तुमचं घुमणं खलास. तवर वाजवा काय वाजवायचं ते."

२१ फेब्रुवारी

काम झकास चाललंय. सगळ्यात भारी झालाय तो 'चौथ्या दिवसाचा नळ'. शिवशंकरच्या सिडकोतल्या घरी चार दिवसांनी पाणी येतं, आणि पाण्याच्या आधी नळातून नुसती हवा येते, खोकल्यागत. तो खोकला आम्ही टाकीत सोडला आणि बुद्धभूषणनं वरून पत्र्यावर फक्त बोटं वाजवली. अंगावर काटा आला.

पण शेवटचा तुकडा अडलाय. शिवशंकर म्हणतो, सगळं लोखंडच लोखंड झालंय, शेवटी कुणीतरी जिवंत पाहिजे. मी विचार न करता बोलून गेले, "माझ्या आबांची शीळ घेऊ."

आबांनी जन्मभर मेंढरं राखली. पिशोरपासून गौताळ्याच्या डोंगरापर्यंत आमचं बिऱ्हाड फिरायचं. गेल्या दिवाळीला ना चारा राहिला ना पाणी, सगळी मेंढरं सिल्लोडच्या बाजारात विकली. आता आबा सावंगीला एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन आहेत. बिल्डिंगचं नाव 'गौताळा व्ह्यू'. गौताळा तिथून दिसायला माणसाला गिधाडाचे डोळे पाहिजेत. तिथल्याच पत्र्याच्या खोलीत आम्ही राहतो, मी, माय, आबा आणि भुरी. भुरी म्हणजे राहिलेली एकच मेंढी. दात पडलेत म्हणून व्यापाऱ्यानं घेतली नाही, परत आणावी लागली, असं आबा सांगतात.

आणि शीळ म्हणजे मेंढरांना पाणी पाजताना घालायची शीळ. नाल्यावर मेंढरं आली की घाई करतात, एकमेकींना रेटतात, नुसतं तोंड बुडवून निघतात. मग आबा जरा बाजूला उभे राहून शीळ घालायचे. लांब, हलकी, मधेच खाली उतरून परत वर येणारी. ती ऐकली की सगळा कळप शांत व्हायचा, माना खाली जायच्या आणि पाणी पिल्याचा आवाज यायचा. बाकी काही नाही. मी लहानपणी त्या आवाजावर काठावरच झोपायची.



२८ फेब्रुवारी

आबांना विचारलं. नाही म्हणाले.

मला वाटलं लाजत असतील. म्हटलं, "आबा, कुणी बघणार नाही. टाकीत बसायचं, एकदा शीळ घालायची, बास."

"पाणी कुठंय तिथं?"

"टाकी रिकामी आहे, म्हणून तर घुमते!"

"मग कशी घालू? शीळ म्हंजी, पाणी हाय, निवांत पी, असं सांगनं हाय. पाणी नसताना घातली तर खोटं बोलनं झालं. आमच्यात तसं करत न्हाईत."

"पण ऐकायला मेंढरं नाहीतच ना तिथं!"

आबा उठून भुरीच्या अंगावरची गोचिडं काढत बसले. हट्टी माणूस! जगात माणसं एकमेकांशी दिवसभर खोटं बोलतात आणि ह्यांना मेंढरांची पडलीय, तीपण विकलेल्या.

१३ मार्च

शिवशंकरनं अक्कल लढवली. टाकीच्या तोंडाशी पाण्याची बादली ठेवली आणि आबांना बोलावलं. "काका, हे बघा, पाणी आहे. आता घाला."

आबांनी बादलीकडं बघितलं, शिवशंकरकडं बघितलं. "पाणी हाय. पिनार कोन? तू?"

कचरूकाका हसून हसून खाली बसले. शिवशंकर म्हणाला, पितो काका, चार पायांवर पितो. आबापण हसले. पण शीळ नाही ती नाहीच.

एक बरंय, आबांना आमच्या आवाजाचा त्रास होत नाही. आमची साइट शेडला लागूनच आहे. आम्ही वाजवायला लागलो की आबा भुरीला घेऊन शेडच्या दाराशी लिंबाखाली येऊन बसतात. म्हणतात, भुरीला सावली पाहिजे. साइटवर सावली काय कमी आहे? पण बसू दे.

बुद्धभूषणनं भुरीसाठी ड्रम अर्धा कापून पाण्याचं टाकं करून दिलं. तिचं तोंड कापू नये म्हणून सगळ्या कडा घासून गोल केल्या, मग माझा हात धरून त्या कडेवरून फिरवला आणि म्हणाला, "बघ, लागतंय का?" ऑर्डरी पडून आहेत आणि ह्याला हे उद्योग. मायनं मात्र त्याला बसवून भाकरी खाऊ घातली आणि नंतर माझ्याकडं बघून उगंच हसत होती.

२० मार्च

केलं एकदाचं. सकाळी आबा भुरीला पाणी दाखवतात तेव्हा शीळ घालतातच. एकाच मेंढीसाठी का होईना, घालतात. मी फोन चालू करून टाक्यापाशी विटांच्या आड ठेवला.

आबांना सांगितलं नाही. सांगायचं काय? तिथं पाणी होतं, मेंढी होती. नियम मोडला कुठं?

संध्याकाळी शिवशंकरला पाठवलं. त्याचा फोन आला.  म्हणाला, "प्रांजली, अल्बम झाला."

खूश व्हायला पाहिजे होतं. झाले पण. आबांच्या ताटाला ताट लावून जेवले आणि सारखी बडबड करत होते. आबा म्हणाले, "आज लई बोलायलीस?"

१ एप्रिल, शुक्रवार

काल जे झालं ते लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

पाळी सुटल्यावर, आबा दळणाला गेलेत हे बघून, आम्ही तिघं शेडवर जमलो. शिवशंकरनं मोठा स्पीकर टाकीत सोडला, आबांची शीळ लावली आणि आवाज टाकीत घुमू द्यायचा, तो बाहेरून भरायचा, असं ठरलं. तीच शीळ परत परत वाजेल असं त्यानं लावून दिलं. मी लिंबाखाली उभी होते. शीळ सुरू झाली आणि मला रडूच फुटलं. नाला, चिंचेचं झाड, माय तीन दगडांची चूल मांडतेय, मेंढरांच्या अंगाचा वास, सगळं समोर आलं. टाकीएवढी मोठी शीळ! मी डोळे मिटून घेतले होते. म्हणून मला ती दिसली नाही.

भुरी. दावं तोडून साइटवरून पळत आली. टाकीच्या खालच्या अंगाला पाणी सोडायचा पाइप असतो, शीळ तिथूनच बाहेर येत होती. तिनं सरळ पाइपाला तोंड लावलं. तो पाइप बुद्धभूषणनं नुकताच वेल्डिंग करून बसवला होता.

ती ओरडली. मेंढी तशी ओरडलेली मी कधी ऐकली नव्हती. बुद्धभूषणनं धावत जाऊन तिला मागं ओढलं. ओठ आणि जीभ पोळली होती.

आबा आले. शीळ अजून वाजतच होती, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आबा उभे राहून ऐकत राहिले. स्वतःचीच शीळ. मग भुरीचं तोंड उघडून बघितलं. पाइपाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पाणी कुठंय?" एवढंच म्हणाले.

ओरडले असते, दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भुरीला खांद्यावर घेऊन निघून गेले.

आज फुलंब्रीहून जनावरांचा डॉक्टर आला, मलम लावून गेला. म्हणाला, जखम भरेल, पण हे ऊन बघता पाणी पोटात गेलंच पाहिजे, म्हातारं जनावर आहे, नाहीतर अवघड आहे. आणि भुरी पाणी पीत नाही. टाक्याजवळ नेली की पाय रोवते. आबांनी शीळ घातली तर मान फिरवून मागं सरली. आबा फडकं भिजवून तिच्या तोंडात पिळत बसलेत. मी मदतीला गेले तर फडकं माझ्या हातात दिलं नाही.

मायला म्हटलं, "दात पडलेली मेंढी, व्यापाऱ्यानंसुद्धा नको म्हटलेली, तिच्यासाठी आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले."

माय पीठ मळता मळता थांबली. "व्यापाऱ्यानं नको म्हटली? असं सांगितलं व्हय त्यांनी?"

"मग?"

"काय नाय. जा, चटणी वाट."

३ एप्रिल, रविवार

आज टाकीत पाणी भरायचं होतं.

कचरूकाकांनी ओळखीच्या विहिरीवरून टँकर मागवला होता. गळती बघायला भरलेलं पाणी नंतर ओतून देत नाहीत, दुष्काळात कोण देईल? आजूबाजूची वस्ती सकाळपासूनच हंडे, ड्रम, तेलाचे डबे घेऊन रांगेत. मी गेलेच नसते, पण बुद्धभूषण बोलवायला आला. म्हणाला, "टाकीचा आवाज शेवटचा भरून घेऊ. नंतर घुमायची नाय." शिवशंकर आला नाही, नुसता माईक पाठवला, त्याला आबांसमोर तोंड दाखवायची हिंमत नव्हती. माझी तरी कुठं होती?

पाणी पडायला लागलं. आधी मोठा ढगासारखा गडगडाट, मग जसजशी टाकी भरत गेली तसतसा आवाज बारीक आणि उंच होत गेला, आणि शेवटी थांबला. कचरूकाकांनी टाकीवर मूठ मारली. ठप्प. माझा स्टुडिओ संपला. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मी साइटकडं बघत होते.

काकांनी सगळे सांधे हात फिरवून तपासले. कुठंच ओल नाही. बाया हंडे घेऊन पुढं सरकल्या तर काका आडवे झाले. "थांबा माय. ज्याला पोळलं, पहिलं पाणी त्याला." आणि आबांना हाक मारली, "ओ मुंजाबा! आना तिला!"

आबा भुरीला घेऊन आले. मागून माय. बुद्धभूषणनं ते अर्ध्या ड्रमचं टाकं पाइपाखाली ठेवलं आणि पाणी सोडलं. गार, स्वच्छ पाणी. भुरी पाइप बघूनच थरथरायला लागली. आबांनी शीळ घातली. तिनं मान वळवली. परत घातली. ती आबांच्या पायांत शिरली. रांगेतल्या बायांनी हंडे खाली ठेवले. तीन दिवसांत तिच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या.

आबा माझ्याकडं वळले. तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"खोटं तू बोललीस. आता खरं बी तूच कर."

मी? लहानपणी मी आबांची नक्कल करायचे तर माय पाठीत धपाटा घालायची, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये म्हणून. आबा नुसते ऐकायचे. मी मायकडं बघितलं. माय डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "घाल की गं. आता काय बघतीस माज्याकडं?"

तोंडाला कोरड पडली होती. पहिली शीळ फुटलीच नाही, नुसती फुर्र झाली. रांगेतलं कुणीतरी हसलं. मी टाक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, स्वतः प्याले, भुरीच्या नाकासमोर ओला हात धरला, आणि परत घातली. थरथरती, थुंकीमिश्रित, मधे उतरायची तिथं उतरलीच नाही. कशी म्हणायची तिला शीळ! भुरीनं माझा हात हुंगला. मी मागं सरत गेले, ती पुढं येत गेली. मग मान खाली गेली.

पाणी पिल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

मी तिथंच मातीत बसले आणि सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. आबा टाक्याच्या त्या बाजूला बसले होते. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि भुरीचं पिऊन होईपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर कळलं की बुद्धभूषणनं माईक बंदच केला नव्हता.

१५ मे, रविवार

अल्बम पुरा झाला. चोरून भरलेली शीळ मी फोनमधून आणि लॅपटॉपमधूनही काढून टाकली. शिवशंकर दोन दिवस भांडला, नंतर म्हणाला, "जाऊ दे, तसंपण ती ऐकली की मला मेंढीच दिसते." शेवटच्या तुकड्यात आता टाकी भरतानाचं पाणी आहे, मग माझी ती फुर्र, मग दुसरी शीळ, मग भुरी.

आबांना कानाला हेडफोन लावून दिला. लावायच्या आधी विचारलं, "आधी पाणी येतंय ना?"

"येतंय."

"मग वाजव."

पुरं ऐकलं. हेडफोन काढून म्हणाले, "मधी खाली उतरायला पायजे व्हतं." एवढंच. पण संध्याकाळी टाक्यापाशी मला ती उतरण तीन-चार वेळा घालून दाखवली. समोर भुरी होती आणि टाक्यात पाणी होतं.

नंतर शेडमध्ये सगळ्यांना अल्बम ऐकवला. वस्तीतली माणसं 'चौथ्या दिवसाचा नळ'ला पोट धरून हसली, आम्ही तो फार गंभीरपणे केला होता. शेवटच्या तुकड्याआधी आबा उठले, बादली भरून आणली आणि स्पीकरपुढं ठेवली. मग मला मानेनं खूण केली, लाव म्हणून.

१२ मे २०१९, रविवार

कपाट आवरताना ही डायरी सापडली. तीन वर्षं कोरी गेलीत, म्हणजे बरी गेली असणार.

औरंगाबाद केवढं पसरलं या तीन वर्षांत. आमच्या पत्र्याच्या खोलीच्या जागी 'गौताळा व्ह्यू'चं पार्किंग आहे. यंदा परत दुष्काळ, त्या बिल्डिंगला रोज टँकर येतो. एखाद दिवशी आमचीच टाकी येत असेल.

आबा आणि माय आज आमच्या घरी आले होते. आमच्या म्हणजे माझ्या आणि बुद्धभूषणच्या. मायला म्हणे टाक्याच्या कडा घासल्या त्या दिवसापासूनच माहीत होतं. कचरूकाकांना माहीत होतं, शिवशंकरला माहीत होतं. मला कुणी सांगितलं का नाही, हे अजून कुणी सांगत नाही.

आबा थकलेत. कानाला कमी येतं. चहा झाल्यावर म्हणाले, "ते लाव की गं, टाकीचं."

मी फोन शोधत होते. आबा उठले. आमच्याकडं नळाला पाणी आता सहाव्या दिवशी येतं, भरलेला एकच ड्रम होता. त्यातून त्यांनी बादली काढली, दोन्ही हातांनी धरून हळूहळू आणली आणि फोनपुढं फरशीवर ठेवली. भुरी जाऊन दोन वर्षं झाली. तिला आम्ही पिशोरला नेऊन पुरलं, नाल्याच्या काठावर. हे आबांना माहीत आहे, खड्डा त्यांनीच खणला.

मी बादलीतलं पाणी हलायचं थांबू दिलं, आणि लावलं.